भिंतीला भोक पाडायचं की नाही?

दुकानात माल साठतो तसे किस्सेही साठतात. माल विकला जातो, खराब झाला तर फेकता येतो. किश्श्यांचं तसं नाही. ते कोणी विकत घेत नाही आणि आपल्याला फेकवत नाहीत! कोलकात्यात बालीगंजमधल्या आमच्या दहा बाय बाराच्या दुकानात वर्षभरात जे किस्से साठले, ते सगळे एकाच प्रश्नाभोवतीचे आहेत: एसी बसवायचा की नाही?

'आमच्या' म्हणजे खरं तर मंदाच्या. मंदा माझी बायको. ती मसाले, भाजणी, मेतकूट, चिवडा आणि चकल्या विकते. मी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेला तिचा बिनपगारी नोकर. एका जागी बसणं मला जमत नाही. दिवसातून चार वेळा मी दुकान बाहेरून कसं दिसतं ते बघून येतो.

माझी सगळी नोकरी बदल्यांची. बदलीवाल्या लोकांचे दोन नियम असतात. भाड्याच्या भिंतीला भोक पाडायचं नाही आणि वस्तूचा खोका टाकायचा नाही. आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर मिक्सरपासून फ्रिजपर्यंत सगळ्यांचे खोके आहेत, थर्मोकोलसकट! प्रत्येकावर माझ्या अक्षरात मार्करने लिहिलंय: नागपूर, भोपाळ, गुवाहाटी, कोलकाता. पहिली तीन नावं खोडलेली. कोलकात्याखाली 'पुणे' लिहिण्यापुरती जागा राखलेली. शेवटची बदली इथे झाली, मी निवृत्त झालो, मंदाने दुकान काढलं आणि निघायचं राहूनच गेलं.

आता सांगा, एसी बसवायचा म्हणजे भिंतीला भोक आलंच ना?

*

आमच्या दुकानाचा एक कडक कायदा आहे. मसाला मोजताना पंखा बंद! नाहीतर तिखट उडतं. तशी पाटीच आहे, तीन भाषांत.

जागेचे मालक दत्तबाबू, भूगोलाचे निवृत्त मास्तर, वरच्याच मजल्यावर राहतात. रोज सकाळी खाली येऊन आमच्या स्टुलावर बसतात, पेपर वाचतात, दुपारी वर जातात. इतक्या वर्षांत त्यांनी विकत काही घेतलेलं नाही, पण चव मात्र सगळ्याची बघितली आहे.

मे महिन्यातली गोष्ट. मंदा कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं भरत होती. पंखा अर्थातच बंद. दत्तबाबू नखशिखांत भिजलेले. हवेत दमटपणा किती आहे, यावर त्यांनी आम्हाला एक अख्खा तास शिकवला. मग त्यांना राहवेना. उठले आणि पंखा थेट पाचवर!

पुढचं काय सांगू? मंदा शिंकली, मी शिंकलो, दारातलं गिऱ्हाईक शिंकत पळालं, समोरच्या फुटपाथवरचा डाबवालासुद्धा शहाळं सोलायचं सोडून शिंकत बसला. दत्तबाबूंनी सलग पंधरा-सोळा शिंका दिल्या, डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाले, "मान्सून तो साउथ-वेस्ट से आता है. ये किधर से आया?"

*

सॉल्ट लेकच्या कुलकर्ण्यांची इरा सात वर्षांची आहे. आईवडील दोघंही आयटीत, मुलगी इथेच जन्मलेली. तिचं मराठी अर्धं घरचं, अर्धं शाळेच्या बसमधलं. शनिवारी ते आमच्याकडे चकल्या घ्यायला येतात.

कोलकात्याच्या हवेत सकाळची कुरकुरीत चकली संध्याकाळी मान टाकते. मंदा डबे घट्ट लावते, आत कागद घालते, तरीही. त्या शनिवारी इराने एक चकली हातात धरून वाकवली. ती मोडली नाही! इराने परत वाकवली. मग मोठ्या काळजीने मंदाकडे बघितलं.

"आजी, चकली पण थकून गेला?"

कुलकर्णी हसले, मी हसलो. मंदा हसली नाही. तो अख्खा डबा तिने विक्रीतून काढून टाकला. पुढचा आठवडाभर मी त्या थकलेल्या चकल्या चहात बुडवून खाल्ल्या.

*

हा किस्सा हसण्यासारखा नाही, पण याच्याशिवाय पुढचे कळायचे नाहीत.

जूनमधल्या एका दुपारी भाजणी मोजता मोजता मंदा खाली बसली. आधी मला वाटलं, डाव पडला म्हणून वाकली. पण ती उठेना. चेहरा पांढरा, हात गार, आणि अंगाला घामाच्या धारा. दत्तबाबू पेपरने वारा घालत होते. मी काय करत होतो? मी आतबाहेर करत होतो! छत्तीस वर्षांच्या संसारात इतका घाबरलेलो मी कधीच नव्हतो.

डॉक्टरांनी ग्लुकोज दिलं, बीपी बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "या तो एसी लगाइए, या दुकान बंद कीजिए. अगली गर्मी ऐसे नहीं चलेगा."

रात्री पुण्याहून मुलाचा, निखिलचा फोन. "बाबा, आता एसी कसला बसवता? दिवाळीनंतर सरळ इकडे या. पॅकर्सवाल्यांशी मी बोलतो. खोके आहेत ना सगळे?"

"आहेत की! एकूण एक!" मी अभिमानाने म्हणालो.

मंदा कॉटवर पडून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पुण्यात मी काय करू? निखिलकडे मटार सोलू? इथे मला लोक नावाने विचारत येतात हो. माझं दुकान बंद करायचं नाही."

मी म्हटलं, बघू. बदलीवाला माणूस दुसरं काय म्हणणार!

*

बघू म्हणजे काय, तर मी खरोखरच बघायला लागलो. एस्प्लनेडला एक मोठं शोरूम आहे. मेट्रोने गेलो. आत काय गारवा! तासभर प्रत्येक एसीसमोर उभा राहिलो, माहितीपत्रकं घेतली, घरी आलो. रात्री वाटलं, एसी घ्यावा. सकाळी वाटलं, दिवाळीनंतर जायचंच असेल तर कशाला? दुपारी दुकानात घाम आला की वाटायचं, घ्यावाच. मग परत मेट्रो!

असं जुलैत तीनदा झालं. तिथला विक्रेता मुलगा भारी नम्र. पहिल्यांदा त्याने मला 'सर' म्हटलं, दुसऱ्यांदा 'काकू', म्हणजे बंगालीत काका. तिसऱ्यांदा त्याने लांबूनच मला ओळखलं. स्वतःची खुर्ची आणून सगळ्यात मोठ्या एसीच्या बरोबर खाली ठेवली आणि हात जोडून म्हणाला, "बोशून दादू. आपनि तो हावा खेतेइ आशेन!"

दादू म्हणजे आजोबा. तीन फेऱ्यांत मी सरचा आजोबा झालो आणि हवा खायलाच येतो, हेही पोराने बरोबर ताडलं. खोटं कशाला सांगू, मी बसलो.

घरी येऊन मंदाला हे सांगितलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तीच माझ्याबरोबर आली आणि दहा मिनिटांत एसी ठरवून मोकळी झाली.

*

आता बसवायचा कधी? हे मात्र मी माझ्या हातात घेतलं. चांगल्या कामाला चांगला मुहूर्त नको का? पितृपक्षाच्या आत आणि गणेश चतुर्थीलाच! मंदा म्हणाली, "अहो, ऑगस्ट अख्खा मध्ये आहे." मी म्हटलं, "मुहूर्त म्हणजे मुहूर्त!" मला तेवढेच दिवस मिळत होते, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

चतुर्थी आली. घरचा गणपती बसवला, मोदक झाले, आरती झाली. मी दुकानात जाऊन बसलो. एसी आदल्या दिवशीच खोक्यातून हजर. तो बसवणारा बिशू मिस्त्री मात्र गायब! फोन करावा तर मागे नुसती बोंबाबोंब आणि गाणी. शेवटी त्याच्या गल्लीत गेलो, तर बिशू गच्चीवर पतंग उडवतोय.

त्या वर्षी गणेश चतुर्थी आणि विश्वकर्मा पूजा एकाच दिवशी आल्या होत्या. अकरा वर्षं या गावात राहून मी हे विसरलो! त्या दिवशी कोलकात्यातला कुठलाही मिस्त्री पान्याला हात लावत नाही. पाना देवापुढे आणि मिस्त्री पतंग घेऊन गच्चीवर, अशी इथली रीतच आहे.

"आज जोंत्रो छोबो ना, जेठू," बिशू म्हणाला. यंत्राला आज शिवायचं नाही, थोरले काका, असं त्याचं म्हणणं. मग त्याने पतंगाच्या मांज्याची रीळ माझ्या हातात दिली. आता एवढ्या लांब आलोच होतो. संध्याकाळपर्यंत मी रीळ धरली.

परत आल्यावर मंदाने पहिला मोदक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "खंडेनवमीला आपल्याकडे कोणी विळीला हात लावतं का? मग त्यालाही त्याचा देव असेल की नाही!"

*

दोन दिवसांनी बिशू ड्रिल घेऊन आला. दत्तबाबू स्टुलावर. त्यांची एकच तक्रार होती: दार बंद ठेवायचं, तर अड्डा कुठे जमवायचा? मंदा म्हणाली, आतच जमवा. दत्तबाबू लगेच म्हणाले, "भीतोरे ठांडा लेगे जाबे!" आत सर्दी होईल म्हणे! बाहेर अंगाची लाही होत होती.

बिशूने भिंतीवर पेन्सिलने फुली मारली. मी म्हटलं, जरा उजवीकडे. त्याने दुसरी मारली. मी म्हटलं, जरा वर. तिसरी झाली. मग मी म्हटलं, आज राहू दे का? जरा विचार करतो.

मंदा काउंटरमागून बाहेर आली. "अहो, माझ्या आईबाबांचा फोटो लग्नापासून कपाटाला टेकून उभा आहे. चार गावं झाली. तुम्ही खिळा मारू दिला नाहीत, मी काही बोलले नाही. आता बाजूला व्हा!"

मी बाजूला झालो. ड्रिल सुरू झालं, विटांचा लाल चुरा माझ्या चपलांवर पडला आणि भिंतीतून पलीकडचा उजेड दिसायला लागला. 

संध्याकाळी एसी चालू झाला. पंखा बंद, तिखट जागच्या जागी, मंदाच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. दार ढकलून दत्तबाबू आत आले. डोक्यावर माकडटोपी, गळ्यात मफलर, सप्टेंबरात! स्टुलावर बसले, पेपर उघडला आणि म्हणाले, "दार्जिलिंग का टिकट बच गया."

*

त्यानंतर आठवडा झाला असेल. दुपारी दुकान बंद होतं आणि मी बँकेतून परत येत होतो. आमच्या बिल्डिंगखाली भंगारवाल्याची सायकल व्हॅन उभी होती. व्हॅनवर सपाट केलेल्या खोक्यांचा ढीग आणि तो सुतळीने बांधणं चाललेलं. मी वळसा घालून पुढे गेलो, थबकलो आणि मागे आलो. वरच्या खोक्यावर माझं अक्षर होतं. नागपूर, भोपाळ, गुवाहाटी, कोलकाता.

त्याच्याखाली टीव्हीचा, त्याच्याखाली मिक्सरचा. आणि एसीचा कोरा करकरीत खोका, ज्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.

"जेठू, थर्मोकोल नेबो ना," भंगारवाला मलाच सांगायला लागला. ते नेणार नाही म्हणे.

मी एकेक सोडून पायऱ्या चढलो. माळा रिकामा होता. इतका रिकामा की तिथली भिंत मी पहिल्यांदाच बघत होतो. मंदा आरशासमोर केस बांधत होती.

"अगं, काय केलंस हे? फ्रिजचा खोका, टीव्हीचा खोका! उद्या निघायची वेळ आली तर सामान कशात भरायचं?"

दाराजवळच्या भिंतीत एक नवा खिळा होता. मंदाने त्यावरून दुकानाची किल्ली काढली.

"कुठलं सामान?" ती म्हणाली आणि चार वाजले होते म्हणून दुकान उघडायला गेली.