पंपचोरीची कबुली

ती चोरी मी अजून विसरलेलो नाही, आणि चोरी तर अगदी किरकोळ होती. खडवलीच्या बाजूला नदीकाठच्या एका फार्महाऊसमधून पाण्याचा पंप गेला होता. त्या वेळी मी कल्याणजवळच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. अशा तक्रारी नेहमी येत आणि बहुतेकांचा तपास लागत नसे.

या चोरीची खबर मात्र दुसऱ्याच दिवशी फोनवर आली. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. चोर गावच्या शाळेमागे बसलाय, लवकर या, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आमचे हवालदार गेले तर विशीतला एक मुलगा खरोखरच तिथे बसला होता. पोलीस पाहून तो पळाला नाही. उठून उभा राहिला.

मोटारसायकल चोरीच्या जुन्या गुन्ह्यात तो जामिनावर होता. नशेच्या गोळ्या खातो, हेही गावाला ठाऊक होतं. चौकशीत पहिल्याच प्रश्नाला त्याने होकार दिला. पंप मीच काढला, शीळफाट्याच्या भंगारवाल्याला विकला, म्हणाला. मला खटकलं ते इथेच. खरा चोर आधी नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो, कबूल करतो ते अगदी शेवटी. याला अटकेचीच घाई होती.

पंप कसा काढलास, असं मी विचारलं. पान्याने नट सोडवले आणि खांद्यावर टाकून नेला, असं त्याने सांगितलं. पण तो पंप बोअरवेलमध्ये खोल सोडलेला होता. पाइपसकट वर ओढायचा तर दोन-तीन माणसं आणि दोरखंड लागतात. याने तो पंप कधी पाहिलाही नव्हता. तेवढ्यात हवालदारांनी खबर देणाऱ्याचा नंबर शोधून काढला. तो गावातल्या चहावाल्याचा निघाला. घरी बोलायचंय म्हणून याच मुलाने आपला फोन मागून घेतला होता, असं चहावाल्याने सांगितलं.

म्हणजे स्वतःची खबर त्याने स्वतःच दिली होती.

मी त्याला समोर खुर्चीवर बसवलं. असं का केलंस, असं विचारलं. तो म्हणाला, "आत टाका ना साहेब. आत गेलेलो तेव्हा सुटलेलं माझं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या वेळी तुरुंगात गोळ्या बंद झाल्या, तिथल्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं. समुपदेशनाला एक बाई येत, त्यांच्याशी तो बोलायचा. जामीन झाला आणि हे सगळं एकदम थांबलं. पुढचे उपचार ठाणे शहरातल्या रुग्णालयात घे, असं त्याला सांगण्यात आलं होतं. काही वेळा तो गेलाही. खडवलीहून ट्रेन, मग बस, मग रांग, यात दिवसाचं काम बुडायचं. एकदा चुकलं, मग तो पुन्हा गेलाच नाही. आईवडील वारलेले. डोंबिवलीचा भाऊ दारातूनच परत पाठवायचा. गावात कामाला कोणी बोलवत नसे. सोबत उरली ती गोळ्या खाणाऱ्यांची, तीही गोळ्या असेपर्यंत.

"आत सकाळी निदान नाव तरी पुकारतात, साहेब. इकडे आठ-आठ दिवस मला कोण हाक मारत नाय."

माझ्यासमोर त्या खुर्चीत कितीतरी आरोपी बसले. इतका एकटा माणूस मी पाहिला नव्हता.

वरिष्ठांना गुन्ह्याचा छडा हवा होता आणि कबुली आयती मिळत होती. मी त्याला अटक केली नाही. फार्महाऊसवर पंप दुरुस्तीला येणारे दोघेच खरे चोर निघाले, ते पुढे मालासह सापडले. पण या मुलाचं काय? त्याने गुन्हा केलेला नाही म्हटल्यावर त्याच्यासाठी करण्यासारखं माझ्या हाती काही नव्हतं. जुन्या खटल्यातल्या जामिनाच्या अटी तेवढ्या बदलून घेता येत होत्या. मी मोफत विधी सेवेच्या एका वकीलबाईंना गाठलं आणि त्यांनी न्यायालयात अर्ज केला, की दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावण्याऐवजी त्याला गावाजवळच्या आरोग्य केंद्रात उपचार घेण्याची अट घालावी. तिथल्या डॉक्टर आधी कचरल्या. व्यसनाचा रुग्ण मी एकटी कशी सांभाळू, म्हणाल्या. ठाण्याच्या त्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी फोनवर मार्गदर्शन करायचं कबूल केलं, तेव्हा त्या तयार झाल्या. न्यायालयानेही अर्ज मान्य केला.

तो जाऊ लागला. मध्ये घसरला, दोन सोमवार गेलाच नाही. डॉक्टरांनी आरोग्यसेविकेला त्याच्या घरी पाठवलं. ती त्याला रागावली नाही, फक्त सोबत घेऊन गेली.

पुढे खटल्याचा निकाल लागला. पुरावा अपुरा पडला आणि तो सुटला. त्या दिवशी मी दुसऱ्या प्रकरणात साक्षीसाठी कल्याणच्या न्यायालयात होतो. सुटलेल्या माणसाभोवती नातेवाइकांचा घोळका असतो. हा आवारात एकटाच उभा होता. मी अभिनंदन केलं तरी हसला नाही.

"साहेब, केस संपली. आता सोमवारी जायचं की नाही?"

अट न्यायालयाची होती, ती त्या दिवशी संपली होती. जा, मी म्हणालो, आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावून त्याच्या हातात दिला.

आरोपी असेपर्यंत माणसाची विचारपूस करायला कोणीतरी नेमलेलं असतं. सुटला, की कोणी नसतं. खेड्यातल्या मुलांना उपचार गावाजवळ मिळावेत आणि तुरुंगाचं दार उघडलं किंवा खटला संपला म्हणून ते तुटू नयेत, एवढं मी या प्रकरणातून शिकलो. निवृत्तीनंतर जिथे बोलावतात तिथे हेच सांगतो.

तो आता एका रोपवाटिकेत कामाला आहे. डॉक्टरांनी औषधं थांबवली, तरी सोमवारी आरोग्य केंद्राच्या बाकावर जाऊन बसतो. मध्यंतरी तिथे नव्या डॉक्टर आल्या. काय होतंय तुला, असं त्यांनी विचारलं. काही नाही, म्हणाला. त्यांनी त्याला बसू दिलं.