राहीबाईने भरलेला फॉर्म

टेमघरच्या राहीबाईला खोटं बोलता येत नाही, असं सगळी गल्ली सांगते. गुरुवारी पोथी, रोज तुळशीला पाणी, शेजारणीची वाटी कधी रिकामी परत जायची नाही. अशा बाईने दातांच्या कॉलेजात फॉर्मभर खोटं लिहिलं.

लेक वैशाली पंधरा वर्षांची. हनुवटी डावीकडे झुकलेली, घास चावला की कानापाशी कट्ट वाजायचं. कॉलेजात वाकड्या जबड्याच्या मुलींवर संशोधन चाललं होतं. दातांना तारा लावून वर्षभर जबडा तपासत राहणार होते. फॉर्म हातात आला आणि राहीबाईला वाटलं, मुली निवडायच्यात ना? मग स्थळाला सांगतात तसंच सांगावं, खोट काढून दाखवू नये. जबडा दुखतो? नाही. आवाज येतो? नाही. लहानपणी हनुवटीवर पडली? पेन जरा अडलं. नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टर मदीहाने वैशालीसमोरच राहीबाईला नि तिच्या सासूला, आक्कांना, तिचा एक्स-रे दाखवला. जबड्याच्या उजव्या सांध्याचं टोक गोल होतं. डावीकडे टोकच नव्हतं, झिजल्या खडूसारखं काहीतरी.

"मावशी, हे लहानपणी मोडलंय. हनुवटीवर मार बसला की कानापाशी हाड मोडतं, बाहेरून कळतसुद्धा नाही. फॉर्मवर विसंबून तारा लावल्या असत्या, तर या सांध्यावरच ताण आला असता. आधी याचे उपचार हवेत. खरंच पडली नव्हती?"

"पडली न्हाय वो," आक्का म्हणाल्या, "शेजारच्या जब्बारच्या बकरीने ढुशी मारलेली."

"बकरी न्हवती, आक्का. ते मी खोटंच सांगितलेलं." राहीबाईला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "ओट्यावरनं पडली. मी पारायणाला बसलेली. अध्याय अर्धा टाकायचा न्हाय म्हणून उठलेच न्हाय. मग हळद दाबली. आठ दिवसांत भरलं वो!"

आक्का बघतच राहिल्या. "अगं बये, अकरा वर्षं मी त्या जब्बारच्या दारात पाय ठेवला न्हाय!"

वैशालीचं बोट हनुवटीच्या व्रणावर गेलं. "आई, मी रडत होते?"

डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला. पडण्याच्या प्रश्नापुढच्या 'नाही'वर एक रेघ ओढून राहीबाईने शेजारी 'होय' लिहिलं, सही केली. मग कोणी विचारलं नव्हतं तरी खाली, समासात, लिहिलं : रडणं मला ऐकू येत होतं.