गाडीतला कॅमेरा आणि वळणावरचा म्हसोबा

वेल्ह्याकडच्या बायकांना वरव्याजवळच्या कारखान्यात नेणारी मिनीबस मी चालवतो. माझी बायकोही तिथंच कामाला. माझ्या मागची सीट तिच्या हक्काची. वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, आणि मालकानं स्टिअरिंगसमोर कॅमेरा बसवला! म्हणे, डोळे मिटले, मान कलली की हा ओरडणार. माझं डोकंच फिरलं. आता जांभईलाही परवानगी काढायची का?

पहिल्याच दिवशी वळणावरचा म्हसोबा आला. सवयीनं कपाळाला हात लावून डोळे मिटले, तर हा कर्कश बोंबलला. "देवाला नमस्कार केला रे, मेल्या!" मी खेकसलो. बायका खो खो हसल्या. पुढं तर कहरच झाला. मागून म्हसोबा दिसत नसे, म्हणून कॅमेरा ओरडला की त्या हात जोडायच्या. "घंटा वाजली गं!" बायको मला चिडवायची.

मग भातलावणी आली. सकाळच्या पाळीच्या बायकांना कारखान्यात सोडून मी खाचरात उतरायचो आणि दुपारी पाय धुऊन पुन्हा गाडीवर. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "तुमी लई दमलाय. आज दुसऱ्या कुणाला सांगा."

"मला शिकवू नको," मी फटकारलं.

त्या दुपारी म्हसोबा मागं पडला. सरळ रस्ता लागला, डाव्या हाताला खोल ओढा, पुढं त्यावरचा पूल. कॅमेरा ओरडला. मी दचकून ब्रेक दाबला. आरशात पाहतो तो सगळ्या बायका हात जोडून बसलेल्या.

"आवं, हितं कुठला देव आला?" बायकोनं विचारलं.

पुलाचा कठडा चाकापासून हातभर लांब होता. "डोळा लागला गं," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. मी तिथूनच मालकाला फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवला.

त्या काळ्या डबड्याला मी मानलं बुवा! वीस वर्षांत मला माझी झोप ओळखता आली नाही, त्यानं ती महिन्याभरात ओळखली. म्हसोबाला आता मी उघड्या डोळ्यांनी नमस्कार करतो. देवाची काही तक्रार नसावी.

कधीमधी कॅमेरा ओरडतो. आता कुणी हात जोडत नाही. बारा जणी एकदम आरशातून माझ्या डोळ्यांकडं बघतात.