पाणी वाढवलेलं मलम

मला स्वस्थ बसवत नाही. नांदेडच्या प्रयोगशाळेत माझं काम मात्र दाट मिश्रणांचं. तेलाचे बारीक थेंब साबणाच्या पाण्यात इतके ठासून भरायचे, की एकमेकांना दाबून ते चपटे व्हावेत. तेल वाहतं, पाणीही वाहतं, पण दोन्ही मिळून जे होतं ते चक्क उभं राहतं. हलकं दाबलं तर परत उसळतं. जोर थोडा वाढवला की थेंब एकमेकांवरून घसरतात आणि सगळंच वाहू लागतं. लग्नसराईतल्या एसटीत जागाच नसते म्हणून कुणी पडत नाही, तसलाच प्रकार.

लातूरला वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले आणि त्यांची पाठ लाल झाली. कातडी फुटू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाजारचं मलम घट्ट, चोळताना वडील ओरडायचे. मग डॉक्टरांना विचारून मी तशाच ठासलेल्या थेंबांचं, करडईच्या तेलाचं मलम केलं. बोटाच्या हलक्या ओढीनं पसरावं आणि पसरलं की तिथंच थांबावं, एवढंच मला हवं होतं. एसटीत अहमदपूर येईपर्यंत मी बरणी इतक्यांदा उघडली, की शेजारची बाई वैतागली. "सारखं काय उघडून राहिलीस? लोणचं नासंल की!"

मलम लावताना वडील ओरडले नाहीत. मी हरखले आणि दुसऱ्या दिवशी नांदेडला परतले.

आठवडाभर जीव टांगणीला लागला होता. फोनवर वडील एवढंच म्हणायचे, "ब्येस हाय." शनिवारी घरी पोचले, पिशवी न ठेवताच बरणी उघडली. आत दुधासारखं पातळ काहीतरी हिंदकळत होतं.

"शेजारच्या भाभीचा सासरा बी पडून हाय," आई म्हणाली. "वाटीभर दिलं तिला. उरलेलं पुरावं म्हनून पानी वाढवलं."

पाहुणा आला की वरणात पाणी वाढवणारं आमचं घर. तरी माझं डोकं फिरलं. "अगं, थेंबांना जागा मिळाली की ते सुटे होतात! आता हे पाठीवर थांबणार कसं?" आई पदराला हात पुसत चहा टाकायला गेली.

मी वडिलांना कुशीवर वळवू लागले.

"ऱ्हाऊ दे माय," ते म्हणाले. "बरं हाय आता. तुझ्या आईला बी दोन दिस हात लावू दिला न्हाई."

मी ऐकणारी नव्हे. बनियन पाठीला चिकटलं होतं. पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवलं. खांद्याच्या पात्याखाली कातडी फुटली होती.

मला रडूच कोसळलं. आईला हाक मारणार, तोच त्यांनी चालत्या हातानं माझं मनगट धरलं.

"डाक्टरला सांग, तिला नको सांगू," ते हळूच म्हणाले. "आपल्या पान्यानं झालं, असं घेईल मनाला. मग कुनाला वाटी द्यायचं सोडंल ती."