मावशींना ऐकू जाईल असं

काष्टीच्या शाळेत रुजू झाले आणि माझा घसा जो धरला तो तीन महिने झाले तरी सुटेना. साल एकाहत्तर असावं. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध चघळून चघळून तोंडाची चव गेली. हेडमास्तर म्हणाले, खडूची धूळ. म्हणून मी खडू ओला करून लिहू लागले. घसा तसाच.

शेवटी एसटीने श्रीगोंद्याला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चमच्याने जीभ दाबून टॉर्च मारला.

"वर्गात फार ओरडता?"

"नाही हो. चौथीची पोरं, गरीब आहेत."

"मग घरी?"

घरी मात्र ओरडायचेच. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या मावशींना ऐकू कमी यायचं. पन्नाशीच्या, एकट्याने शेती बघणाऱ्या. रोज संध्याकाळी त्या भाकरी थापायच्या आणि मी त्यांना मासिकातली गोष्ट वाचून दाखवायची. कानामागे पिठाचा हात धरून त्या म्हणायच्या, "मोठ्यानं, बाई, मोठ्यानं!" असं तासभर तरी चालायचं.

डॉक्टर हसले. "आठ दिवस तोंड बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही. तरी बरं वाटलं नाही, तर नगरला दाखवून या."

शाळेत सहामाही परीक्षा चालू होती, तिथे निभावलं. घरी खाणाखुणांवर भागवलं. तिसऱ्या दिवशी मी एकटी जेवायला बसले. मावशी अंगणात शेळी बांधत होत्या. पहिला घास घेतला आणि नकळत पुटपुटले, "पिठलं खारट झालंय."

"खारट कुठं हाय?" अंगणातून आवाज आला. "बेतानंच टाकलंय मीठ!"

मी घास हातात घेऊन तशीच दारात गेले. "मावशी, तुम्हाला ऐकू येतं?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. हसू काही लपेना. "मला येतंय वो. पर शेजारच्या दोघी सुनांना कसं जानार? भितीला कान लावून बसत्यात बिचाऱ्या. तुमचा आवाज बसला की तिकडून भांडं वाजिवत्यात."

तीन महिन्यांच्या गुळण्या आठवून मी इतकी चिडले, की उरलेले पाच दिवस मौन पाळणं अगदी सोपं गेलं.

"मग इकडे का नाही येत त्या?" मौन सुटल्यावर मी पहिलं हेच विचारलं.

"सासू सोडंल व्हय, गोष्टी ऐकाया?"

मी स्वतःच शेजारी गेले. त्या सासूबाईंना म्हटलं, सुनांना तासभर पाठवा, चार शहाणपणाच्या गोष्टी कानावर पडतील. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. मागोमाग सासूबाईही आल्या आणि सगळ्यांच्या पुढे, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. मी अगदी हळू आवाजात वाचलं. दिवाळीपर्यंत घसा ठणठणीत झाला. सासूबाईंना मात्र एकच तक्रार होती. "त्या गोष्टीतली सून लई बोलती," त्या म्हणाल्या. "उद्या दुसरी वाचा."