पोथीत नसलेली मेंढी

उजव्या हाताचा पंजा कानामागे, डोळे गच्च मिटलेले, मान जराशी वाकडी. आणि तोंडात एकच वाक्य, "तुमी वाचा, मी ऐकून राहिले."

समोरची बाई एका जोडाक्षरावर अडून घामाघूम झालेली असो, की तिचं लेकरू पदर ओढून रडत असो, माईंचा हात कानामागून हलायचा नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासमोर बसलं की मुकं माणूससुद्धा बोलायला लागतं. मला अशा माणसांचा फार राग येतो. का येतो, ते सांगते.

आमचं गाव कळमनुरीपासून आत. पोरी आता शाळेत जातात, पण मेंढरांमागे जन्म गेलेल्या धनगरवाड्यातल्या बायांत वाचता येणारी मी एकटी. मी हिंगोलीची, सातवी पास, लग्न होऊन इथे आलेली. खंडोबाच्या देवळाला लागून माझी पिठाची गिरणी. श्रावणात देवळात पोथी लागायची आणि ती वाचायची मी. लाल कापड अंथरलेला पाट माझा. नारळ माझा, पहिला चहाही माझा.

आणि नुसती वाचायची होय? राजा आला की माझी छाती पुढे. राक्षस आला की पहिल्या रांगेतल्या सासवा मागे सरकायच्या. त्या पोथीत एका धनगरणीची एकच ओवी आहे. देव दारात आला, तिनं दूध दिलं, संपलं. एवढ्यावर कुणाचं पोट भरतं? मी तिला एक लंगडी मेंढी दिली. मेंढीचं दूध आटवलं. सासूनं ती बाजारात विकायला काढली. मेंढी दावं तोडून पळाली. आणि देव ओट्यावर उपाशी बसलेला असताना ती लंगडत परत आली आणि "बें" म्हणाली. ते "बें" मी असं काढायचे, की म्हातारी भागाबाई दरवर्षी पदर डोळ्याला लावायची. आमच्या वाड्यात देवापेक्षा त्या मेंढीला जास्त मान होता.

मग माई आल्या.

कुठल्याशा मठानं पाठवलं होतं. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, काखेत गुंडाळलेला काळा फळा. राहायला देवळामागची खोली. मठाचं म्हणणं असं, की देवाचं नाव बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं.

"काहून? माझ्या तोंडून ऐकलं तर देव विटतो का?" गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकीला मी विचारलं.

"न्हाई बाई, पण तुझं तोंड दुखत असंल ना," भागाबाई म्हणाली. म्हातारी टोमणा मारत होती की कीव करत होती, ते मला आजवर कळलेलं नाही.

दुपारी मेंढरं लिंबाच्या सावलीला बसली की देवळात वर्ग भरायचा. पहिल्या दिवशी माईंनी पोथीला हातच लावला नाही. म्हणाल्या, "जात्यावरचं एखादं म्हणा." भागाबाईनं लाजत लाजत म्हटलं, "दळण दळिते, पिठाची झाली रास, माझ्या गं मेंढरांना हिरव्या रानाची आस." माईंनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. "हे तुमचंच हाय. आता बघून म्हणा."

भागाबाई स्वतःच्या गाण्याकडे अशी बघत राहिली, जशी बाजारात हरवलेली शेळी पुन्हा दिसावी.

मी गिरणीच्या खिडकीतून सगळं पाहत होते. तुम्हीच सांगा, जळफळाट होणार नाही? त्यांची जाती बंद पाडली माझ्या गिरणीनं. हातांचे घट्टे घालवले मी. आणि गाणी विचारून नाव कमावलं माईंनी!

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू झाला की मला नेमकी हळद दळायची आठवण व्हायची. आमच्या हळदीच्या चक्कीचा आवाज असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वरून पिवळी धूळ. देवळात शिंकांची फैर झडायची. मी खुशीत होते. सातआठ दिवसांनी माई गिरणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पदर खोचून भांडायला तयार.

"ताई," त्या म्हणाल्या, "उद्या पण लावा हं मशीन. एकेकीचा आवाज फुटून राहिला."

खरंच होतं. सासूसमोर कधी तोंड न उघडणारी सरपंचांच्या शेजारच्या घरातली सून, चक्कीवर मात करायची म्हणून खणखणीत वाचत होती. मी चक्की बंद केली. तिचा आवाज थांबला नाही.

श्रावण आला. मी पाटावर बसले आणि समोर बघते तर प्रत्येकीच्या मांडीवर पोथी. मठानं मोठ्या अक्षरांची छापून दिलेली. माझ्याकडे एकीचंही तोंड नाही. सगळ्यांची बोटं ओळीवर. माझ्या राक्षसाला कुणी घाबरेना, कारण तो कुठून येणार ते त्यांना आधीच दिसत होतं.

धनगरणीची ओवी आली. मी मेंढी बाहेर काढली. बोटं थांबली. पानं पुढे गेली, मागे आली.

"थांब पोरी," भागाबाई म्हणाली. "मेंढी कुठं हाय? मला घावून न्हाई राहिली. माझं पान गळालं का काय?"

"माझ्यात पण न्हाई, आत्याबाई."

"आन् म्या येवढी वर्सं रडले ते?"

हशा उसळला. माझ्या खाली पाट होता की निखारे, सांगता येत नाही. मी माईंकडे पाहिलं. आता त्या हसणार. त्यांच्या जागी मी असते तर हसलेच असते.

"माई, तुमीच सांगा," भागाबाईनं विचारलं, "मेंढी हाय का न्हाई?"

"पोथीत न्हाई," माई म्हणाल्या. डोळे मिटलेले, हात कानामागे. "पण लंगडी होती ना ती? मग येवढ्या लांबून घरी आली कशी? सांगा ताई, मी ऐकून राहिले."

मी सांगितलं. एकेकीनं पोथी मिटली. त्या दिवशी मेंढी जशी रंगली तशी ना आधी, ना नंतर. आणि तेच मला सोसेना. माझी अब्रू राखली, तीही या बाईनंच!

दुसऱ्या दिवसापासून पाळीपाळीनं वाचायचं ठरलं. पाट माझ्या हातून गेला. आमच्या देवळाची रीत अशी, की समाप्तीला बायका सांगतील तो एक अध्याय पुन्हा वाचतात. त्यांनी धनगरणीचा सांगितला. पाटावर भागाबाई बसली. एकेक अक्षर जपून उचलत त्या ओवीपाशी पोचली, ओळ हरवू नये म्हणून तिच्यावर बोट दाबून धरलं आणि मान वर केली.

"ये गं मेंढीवाले. तुझी जागा आली."

मी गेले. पाटावर नव्हे बरं, पाटाशेजारी. ते अजून खुपतं.

दिवाळीनंतर माई हट्टा गावाकडच्या एका वाडीवर गेल्या. अख्खा वाडा त्यांना फाट्यावर सोडायला गेला. मी गेले नाही. गिरणी चालू ठेवली. दळण नव्हतं, तरी ठेवली.

परवा भागाबाईची नात माहेरपणाला आली होती. ती त्याच वाडीत दिलेली. दळण घेऊन आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्याकडं पण माईंनी पोथी लावली असंल?"

"व्हय काकू. आमीच वाचतो."

"धनगरणीची ओवी येती?"

"येती की."

"मग मेंढी कोण सांगतं?" माझा आवाज जरा चढलाच. माझी मेंढी दुसऱ्या कुणाच्या तोंडी मला चालणार नव्हती.

"कसली मेंढी?" पोरगी गोंधळली. "तिथं मेंढी न्हाई. पण तिथं आलं की माई आमाला थांबवतात. डोळे मिटतात, कानामागं हात धरतात, अन् गप बसतात. कुणीच वाचत नसतं तवा. आमी म्हणतो, म्हातारपण हाय, लांबची यष्टी ऐकत असतील. मग म्हणतात, हं, चला पुढं."

मी गिरणी बंद केली. पट्टा फिरून फिरून थांबला. मग ओट्यावर आले, हट्ट्याच्या दिशेला तोंड केलं आणि छातीत होता नव्हता तेवढा दम लावून म्हटलं, "बें!"

देवळासमोर सावलीला बसलेली सगळी मेंढरं उठून उभी राहिली.