केबिनखालचा गाडा

नंदनवनातल्या आमच्या गल्लीत भंगारवाला सकाळी ओरडतच शिरायचा. 'लोहाऽ, पेपरऽ, भंगाऽर' ही हाक पानठेल्यापासून सुरू व्हायची आणि सुमनमावशीच्या कुंपणापाशी आली की मधेच तुटायची. तेवढं कुंपण तो मान खाली घालून, हातगाडी ढकलत, मुकाट्यानं पार करायचा आणि शेजारच्यांच्या भिंतीपाशी पोचला की उरलेला 'गाऽर' सोडायचा. नव्या माणसाला वाटायचं, आत कोणी आजारी असावं. आत ट्रक होता.

झालं होतं असं, की एकदा त्यानं कुंपणावरून डोकावून विचारलं होतं, "मौसी, ये देना है क्या?" मावशी कणकेच्या हातानं बाहेर आली. "काहून रे, डोये आहेत का बटनं? याले दार हाये, काच हाये, भोंगा हाये. ज्याचं दार लागते, त्याले भंगार म्हनत नाही. अन् आजपासून माह्या घरापुढून जाताना तोंड बंद ठेवत जाय!" त्यानं ठेवलं. नागपुरात इतका काटेकोरपणे पाळलेला दुसरा नियम मी पाहिलेला नाही.

सुमनमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. अंगानं किडकिडीत, आवाजानं मात्र दुमजली. रागावणं हा तिचा स्वभाव नव्हता, व्यायाम होता. भाजीवाल्यानं वांगी दाबून दाखवली तरी ती चिडायची आणि न दाखवली तरी चिडायची. मी पडलो बँकेच्या काउंटरवर जन्म काढलेला माणूस. राग गिळून 'पुढच्या खिडकीवर जा' म्हणण्यात माझी हयात गेली. त्यावरूनही ती चिडायची. "प्रमोद, तुले राग येते का नाही गा? का तो बी बँकेत जमा करून टाकते?" आणि माझ्या शुद्ध बोलण्यावर तर तिचा विशेष दात होता. "पेपरावानी काहून बोलते? घरातल्या मानसाशी बोलून राहिला न तू!"

तो ट्रक मावसाजींचा. गोल नाकाचा, जुन्या काळचा, केबिनची चौकट सागवानी आणि वर पत्रा. काटोलकडून संत्री आणायचे ते त्यातून. मावशी या घरात आली तीही त्याच ट्रकमधून. मागे वऱ्हाडी, पुढे केबिनमध्ये मावसाजी स्वतः चालवायला, आणि क्लीनरच्या जागेवर नवरी, मुंडावळ्या काचेवर आपटत. नंतरही ती त्या जागेवरून उठली नाही. लांबची खेप असली की डबा घेऊन सोबत निघायची. बाई ट्रकात फिरते म्हणून नातेवाइकांनी नावं ठेवली. तिचं उत्तर ठरलेलं: "लोकायच्या बायका दारात उभ्या राहून वाट पाह्यतात. मी त्याइच्या संगंच घरी येतो."

मावसाजी गेले आणि ट्रक आवारात कडुलिंबाखाली उभाच राहिला. खालचा सांगाडा गंजून बसला. राजू, तिचा एकुलता एक मुलगा, धरमपेठेत फ्लॅटवर राहतो. पोरगा वाईट नाही, पण त्याला सगळं 'मोकळं' हवं असतं. तो येऊन म्हणायचा, "आई, काढून टाकू न हे." शेवटी तह झाला: सांगाडा, मागचा हौदा जाईल, केबिन राहील. ती मावशी नीट करून घेईल.

आता केबिन सांगाड्यावरून उतरवली की ठेवायची कशावर? जमिनीवर ठेवली तर खालचा पत्रा खरवडणार कोण आणि कसा? विटांवर ठेवली तर हलणार कशी? सकाळी रंग वाळायला ऊन हवं, दुपारी नागपूरच्या उन्हात पत्र्याला हात लावला तर पापड होतो, म्हणून सावली हवी. थोडक्यात, चाकांचा गाडा हवा होता. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी एकदा घरचा मिक्सर दुरुस्त केला होता आणि तेव्हापासून कुटुंबात इंजिनिअर म्हणून वावरत होतो.

वेल्डिंगला अन्वरभाई होते. मी कागदावर गाडा काढला, त्यांनी तो पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. आधी केबिनची दोन्ही दारं काढून त्यांच्या जागी लोखंडी पट्ट्या आडव्या-तिरप्या ठोकल्या, नाहीतर उचलताना ती सुकलेल्या खोक्यासारखी वाकडी झाली असती. मग चेनकुप्पीनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, तिला उचललं. साखळी कुरकुरत होती आणि केबिन अधांतरी डुलत होती. मावशी खालून ओरडत होती, "हळू ना बाप्पा! मानूस बसला हाये असं समजून उचला!" खालचा सांगाडा ओढून काढला, त्या जागी गाडा सरकवला, जाड रबराच्या गाद्यांवर केबिन टेकली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि ढकलायला लागलो. गाडा जागचा हलेना. मी लावलेली बोटभर चाकं मुरमात रुतून बसली होती.

"हे चाकं होय? माह्या पोयपाटाले लाव हे," मावशी म्हणाली.

मग हातगाडीची मोठी चाकं आणली. ती गाड्याखाली मावेनात, म्हणून दोन्ही बाजूंना बाहेर लावली. गाडा लोण्यासारखा फिरू लागला. मी विजयी मुद्रेनं फाटकाकडे पाहिलं, मग गाड्याकडे, मग पुन्हा फाटकाकडे. फाटक मी मोजलं होतं, गाडाही मोजला होता. बाहेरची चाकं कुणी मोजली होती? गाडा फाटकापेक्षा चांगला हातभर रुंद झाला होता. अन्वरभाई डोकं खाजवत म्हणाले, "साहब, ये तो अब यहीं का हो गया." मी चाकं पुन्हा आत घेण्याची भाषा सुरू केली, तर मावशी भडकली. "काहीच करू नको! याले गेटाबाहेर जायचंच कुठं हाये?"

मग सगळा हिवाळा ती केबिन आवारात फिरत राहिली. सकाळी उन्हात, दुपारी कडुलिंबाखाली. मावशी स्टुलावर बसून घासकागदानं पत्रा घासायची, लाल प्रायमर लावायची, जाणाऱ्या-येणाऱ्यावर चिडायची. दारांच्या पट्ट्या निघाल्या, दारं पुन्हा बसली, 'खट्' असा आवाज करून लागू लागली. रबरी भोंगा पुन्हा वाजला. ती स्वतः बसायची ते क्लीनरच्या बाजूलाच. चालवायच्या जागेवर तिनं कुणालाच बसू दिलं नाही. मलाही नाही.

आणि मग राजूनं ती केबिन देऊन टाकली.

मौदा रोडवर त्याच्या मित्राचं ढाब्याच्या धर्तीवरचं हॉटेल निघत होतं. दारात जुनी केबिन, आत गादी, लोकांनी बसून फोटो काढायचे. आईला विचारावं, असंही त्याला वाटलं नाही. म्हणाला, "सरप्राइज होतं, दादा. नीट जागी राहील न." नीट जागी! ज्या बाईनं नखं झिजवून पत्रा घासला, तिच्या आवारापेक्षा नीट जागा ती कोणती? जिथं कुणीही चटणीच्या बोटांनी स्टिअरिंग धरून दात काढणार, ती?

हॉटेलवाला माणसं आणि गाडी घेऊन आला. काळा चष्मा, गोड बोलणं. "आंटी, ये तो अँटिक पीस है!"

"मी बी अँटिकच हाओ," मावशी म्हणाली. "मले बी नेते का? गल्ल्यापाशी बसवशीन?"

आणि ती केबिनमध्ये चढली, आपल्या जागेवर बसली, दार लावून घेतलं. राजू बाहेरून "आई, उतर न वं" करत राहिला. हॉटेलवाल्याच्या माणसांना वाटलं, म्हातारी आहे, फाटकापर्यंत ढकलू, मग उतरेल. त्यांनी तिच्यासकट गाडा ढकलला. मी फाटकात हात आडवे करून उभा होतो, म्हणजे खरं तर नुसताच उभा होतो. गाडा आला आणि दोन्ही बाजूंची चाकं दोन्ही खांबांवर धाडकन आदळली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. धाड! चाकं काढावी तर ती अन्वरभाईंनी वेल्डिंगनं पक्की केलेली, वरून क्रेननं केबिन उचलावी तर विजेच्या तारा. मावशीनं भोंगा धरला तो सोडलाच नाही. सगळी गल्ली गोळा झाली. हॉटेलवाल्यानं चष्मा काढला, पुसला, घातला आणि निघून गेला.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "मावशी, तुला हे आधीच ठाऊक होतं का? म्हणून चाकं आत घेऊ दिली नाहीस?"

"मले काय माहीत? मोजलं तर तू न!" ती चिडून म्हणाली. तोंड मात्र तिनं पदरानं झाकलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आजारपण थोडं आणि त्यावरही चिडलेली. तेरवीचे पाहुणे पांगल्यावर राजू आवारात उभा राहून त्याच हॉटेलवाल्याशी फोनवर बोलत होता. फोन कानापासून थोडा दूर धरून मला म्हणाला, "दादा, फाटकाचा एक खांब पाडला की निघते न ते?"

मी केबिनकडे गेलो. क्लीनरच्या बाजूनं चढलो, तिच्या जागेवर बसलो आणि दार ओढलं. खट्. इतक्या वर्षांचं जे काही जमा केलं होतं, ते एकदम काढलं.

"याले गेटाबाहेर जायचंच कुठं हाये, राज्या? काहून पाडते खांब? तुह्या मायनं याले उभं केलं, अन् तू याच्यात लोकायचे फोटो काढून राहिला?"

माझ्या तोंडून अशी भाषा त्यानं कधी ऐकली नव्हती. मीही नव्हती. त्याच वेळी पानठेल्याकडून हाक आली, 'लोहाऽ, पेपरऽ, भंगाऽ...' आणि कुंपणापाशी तुटली. आम्ही दोघं ऐकत राहिलो. हातगाडीची चाकं तेवढी कुरकुरत गेली. ओरडणाऱ्याला रोखायला आता घरात कुणी नव्हतं, तरी तो अख्खं कुंपण तोंड मिटून गेला. पलीकडे पोचल्यावर 'गाऽर' आला.

राजूनं फोन बंद करून खिशात टाकला. बराच वेळ तो चाकाच्या रबरावर बोट फिरवत राहिला. मग त्यानं दार उघडलं.

"दादा, थोडा सरक न."

मी सरकलो. चालवायची जागा सोडून, मधे. राग मात्र गेला नव्हता, आणि मी तो गिळलाही नाही.